लोखंडाला भोक : सुंब्यापासून पिलर ड्रिलपर्यंत



नांगरट उरकली की मृगाच्या आधी औजारांची डागडुजी निघते. कल्टिव्हेटरचे फण, रोटाव्हेटरची पाती, पेरणी यंत्राच्या पट्ट्या, ट्रॉलीचं फाळकं. या सगळ्यात एक काम हटकून येतं, ते म्हणजे लोखंडाला भोक पाडणं. पूर्वी हे काम गावच्या लोहाराचं होतं. आता वस्तीवस्तीवर एखादं हात-ड्रिल, एक ग्राइंडर आणि बऱ्याच ठिकाणी वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर असतो. गोठ्याशेजारची पत्र्याची शेड हीच आपली वर्कशॉप. म्हणून आजची नोंद पिकाची नाही, त्या भोकाची. हे काम माणूस कसं शिकला आणि शिकताना बोटं-डोळे कुठे कुठे गेले, ते बघू.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. जुना लोहार लोखंडाला भोक पाडायचाच नाही, तो भोक ठोकायचा. भात्यावर लोखंड लाल करायचं, ऐरणीवर ठेवायचं, वर सुंबा धरायचा आणि समोरच्यानं घण घालायचा. कुदळीचं किंवा कुऱ्हाडीचं नेढं असंच होतं. आधी लहान छिद्र ठोकून मग जाड सुंब्यानं ते फुगवत नेतात. यात लोखंड फारसं वाया जात नाही, नुसतं बाजूला सरकतं. त्यामुळे नेढ्याभोवतीची भिंत मजबूत राहते. आजही कुदळीच्या नेढ्याला ड्रिल मारून कुणी करत नाही, आणि करूही नये. या कामात धोका होता तो भाजण्याचा, उडणाऱ्या ठिणगीचा आणि चुकलेल्या घणाचा. पण काही गरगर फिरत नव्हतं.

फिरवून भोक पाडणं ही विद्या मात्र लोखंडापेक्षा कितीतरी जुनी आहे. बलुचिस्तानात मेहरगड म्हणून ठिकाण आहे. आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या शेतीच्या खुणा जिथे सापडल्या त्यांपैकी एक. तिथल्या दफनांत नऊ माणसांचे अकरा दात असे मिळाले, की ज्यांना जिवंतपणीच गारगोटीच्या टोकानं भोकं पाडली होती. काळ साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीचा. मणी भोकणाऱ्या कारागिरांचंच ते हत्यार असावं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्या सुताराचा सामता त्याच जातीचा. कमानीला दोरी, दोरीचा वेढा दांडीला, आणि कमान मागे-पुढे ओढली की दांडी फिरते.

सामत्यात एक सोय होती, ती कुणी मुद्दाम केलेली नव्हती. टोक लाकडात अडकलं की दोरी घसरायची. कमान ओढणारा हात थांबला की सगळं थांबायचं. म्हणजे हत्यारात जेवढी ताकद, ती माणसाच्या दंडातलीच. भोक पाडण्याच्या इतिहासात पुढे टोक सुधारलं, पोलाद सुधारलं, वेग वाढला. पण माझ्या मते सगळ्यात मोठा बदल वेगळाच झाला. अडकल्यावर थांबायचं कुणी, हे बदललं. सामता स्वतः थांबायचा. मोटर थांबत नाही.

आता तोफांकडे येऊ. अठराव्या शतकात धातूला मोठं भोक पाडायचं काम मुख्यतः तोफेच्या कारखान्यात चालायचं. इंग्लंडात जॉन विल्किन्सननं १७७४ मध्ये तोफ पोखरायचं नवं यंत्र केलं, आणि त्याच्याच हातच्या कामामुळे जेम्स वॉटला त्याच्या वाफेच्या इंजिनासाठी बरोबर गोल सिलिंडर मिळाले. पण आपल्या कामाचा प्रयोग झाला तो म्युनिकला. बेंजामिन थॉम्सन, म्हणजे काउंट रम्फर्ड, तिथल्या शस्त्रागारात तोफा पोखरण्यावर देखरेख करत होता. त्याच्या लक्षात आलं की पोखरताना तोफ आणि निघणारा कीस भयंकर तापतात. मग त्यानं मुद्दाम बोथट टोक घेतलं, ते तोफेच्या धातूवर जोरात दाबलं, भोवती पाण्याची पेटी बसवली आणि घोड्यांच्या ताकदीवर यंत्र फिरवलं. पाणी साधारण साडेआठ किलो होतं. अडीच तासांत ते उकळायला लागलं. विस्तव नाही, जाळ नाही, आणि पाणी उकळतंय, हे बघून लोक चकित झाले. १७९८ मध्ये त्यानं हा प्रयोग लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. उष्णता हा काही वेगळा पदार्थ नाही, ती हालचालीतून निघते, असं त्याचं म्हणणं होतं.

शास्त्रज्ञांनी त्यातून उष्णतेचं शास्त्र उचललं. आपण शेडमधल्या माणसांनी दुसरी गोष्ट उचलायची : बोथट टोक कापत नाही, तापवतं. तुमचं ड्रिल कीस काढायचं सोडून नुसतं किरकिरतंय, धूर काढतंय, टोक निळं पडतंय, तर तुम्ही भोक पाडत नाही, रम्फर्डचा प्रयोग करताय. अशा वेळी माणूस काय करतो? अंगाचा भार टाकतो. मग एकतर बिट मोडतं आणि तुकडा उडतो, नाहीतर अचानक आरपार जातं आणि मशीनसकट माणूस पुढे जातो. धारेला कंटाळा केला की अपघात तिथूनच सुरू होतो.

पुढची उडी अमेरिकेत पडली, यादवी युद्धाच्या काळात. तोपर्यंत धातूचं ड्रिल म्हणजे लोहारानं ठोकून चपटं केलेलं, भाल्यासारखं टोक. ते कापायचं, पण कीस बाहेर यायला वाट नसायची. भोक खोल गेलं की कीस आतच कोंडायचा. पीळदार ड्रिल चांगलं, हे लोकांना कळलं होतं. पण ते पीळ कोरणार कसे? ऱ्होड आयलंडमधल्या बंदुकीच्या कारखान्यात कामगार उंदराच्या शेपटीसारख्या गोल कानशीनं ते पीळ हातानं घासत बसायचे. हे पाहून जोसेफ ब्राउननं १८६२ मध्ये पीळ कोरता येईल असं मिलिंग मशीन बनवलं. दुसऱ्याच वर्षी, १८६३ ला, मॅसॅच्युसेट्समधल्या स्टीफन मोर्सनं पीळदार ड्रिलचं पेटंट घेतलं. आज आपण वीस-पंचवीस रुपयांपासून जे बिट घेतो, त्याचा घाट त्याच घराण्यातला. पिलर ड्रिलच्या मोठ्या बिटाचा निमुळता दांडा असतो ना, त्याला मोर्स टेपर म्हणतात ते या मोर्सवरूनच.

पिळानं कीस वर यायला लागला, आणि त्याबरोबर एक नवा धोकाही आला. पीळ म्हणजे स्क्रूच. टोक पत्र्याच्या पलीकडे निघालं की पीळ त्या कडेला धरतो आणि स्क्रूसारखा आत ओढतो. जाड लोखंडात हे कमी जाणवतं, कारण टोक बाहेर पडेपर्यंत कडा चांगल्या बसलेल्या असतात. पातळ पत्र्यात टोक आधीच पलीकडे जातं, आधार सुटतो आणि पत्रा बिटाबरोबर गर्रकन फिरतो. हातात धरलेला पत्रा असा फिरला, की तो पात्यासारखा मनगटावर येतो. म्हणून पत्रा कधी हातात धरायचा नाही. खाली लाकडाची फळी, वर जमलं तर दुसरी फळी, आणि सी-क्लॅम्पनं घट्ट आवळून मग ड्रिल. आरपार जायच्या वेळी जोर कमी करायचा. पाइप असेल तर व्ही-ब्लॉक किंवा निदान लाकडात कोरलेली खाच तरी पाहिजेच.

असाच दगा जुनं भोक मोठं करताना होतो, आणि शेतकऱ्याचं निम्मं काम तेच असतं. याची गंमत मापात आहे. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये इंची बोल्टच्या आट्यांचं एकच माप असावं असं सुचवलं, आणि ते इंग्रजांबरोबर इथपर्यंत आलं. आपल्या मिस्त्रींच्या तोंडी अजून सूत आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि चार सुती बोल्ट म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. आज दुकानात बारा एमएमचा बोल्ट मिळतो. तो चार सुताच्या भोकात सैल बसतो, हादरे खातो, भोक लंबगोल होतं. मग माणूस म्हणतो, चला, एक साइज वाढवू. आधीच भोक असलेल्या जागी बिटाला मधला आधार नसतो. फक्त कडा कापतात, आणि पीळ पटकन आत ओढला जातो. फण व्हाइसमध्ये पक्का नसेल तर तो फिरणारच. त्यापेक्षा जुनं भोक वेल्डिंगनं भरून, घासून, पंच मारून नव्यानं पाडलेलं बरं. वेळ जास्त जातो, पण भोकही गोल मिळतं.

बोल्टनं जोडलेलं औजार ही तशी नवी कल्पना. इंग्लंडात रॉबर्ट रॅन्सम यानं १८०८ मध्ये सुटे भाग बदलता येतील अशा नांगराचं पेटंट घेतलं. फाळ झिजला की शेतकऱ्यानं पाना घेऊन स्वतः बदलावा, हा विचार. आपल्याकडे हे काम लक्ष्मणराव किर्लोस्करांनी केलं. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवायचे. मग बेळगावला सायकलचं दुकान, पुढे कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. औंध संस्थानानं कुंडलजवळ माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडाच्या नांगरानं जमीन नासते, असा समज तेव्हा होता आणि सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षं गेली, असं सांगतात. पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेना तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले, ही हकिकतही आपल्या भागात सांगितली जाते. पोखरलेल्या तोफेचा शेवटी फाळ झाला, तर मला त्यात आनंदच आहे.

पण अशा नांगरानं एक जबाबदारीही शेतकऱ्याच्या दारात आणली. लाकडी नांगर सुतार दुरुस्त करायचा. बोल्टचा नांगर ज्याचा त्यानं दुरुस्त करायचा झाला.

टोक धरायच्या चकाचीही कथा आहे. जुने चक पान्यानं आवळावे लागत, आणि पाना सटकला की बोटांची सालं निघायची. आर्थर जेकब्सनं असंच हाताला लागल्यावर नवा चक काढला, असं सांगतात. १९०२ चं त्याचं पेटंट. तीन जबडे आणि दातेरी चावी. आज ज्याला आपण ड्रिलची चावी म्हणतो ती हीच. आता बोटं वाचवायला काढलेल्या या चावीनंच पुढे किती कपाळं फुटली! चावी चकात विसरून बटण दाबलं, की ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. काही लोक चावी मशीनच्या वायरीलाच बांधून ठेवतात. त्यात वायर ओढली जाते, पण प्लग काढल्याशिवाय चावी चकापर्यंत पोचणार नाही अशा जागी, प्लगजवळ बांधली, तर ती युक्ती सोन्यासारखी आहे.

पोलादाचं म्हणाल, तर साधं कार्बन पोलाद दोन-अडीचशे अंशाला नरम पडतं, लोहाराच्या भाषेत त्याचं पाणी उतरतं. फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी अमेरिकेतल्या बेथलहेम स्टीलमध्ये पोलादाला पाणी द्यायची नवी पद्धत काढली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी टोक लाल होईपर्यंत लोखंड कापून दाखवलं आणि युरोपातले यंत्रवाले तोंडात बोट घालून बघत राहिले. तेच हाय स्पीड स्टील, बिटावर एचएसएस लिहिलेलं असतं ते. सहाशे अंशांच्या आसपासपर्यंत ते धार धरतं. पण नाव हाय स्पीड आहे म्हणून स्पीड वाढवायचं असं नाही, ही गल्लत फार होते. त्याचा हिशेब शेवटी देतो.

आता कायद्याकडे. गिरण्यांच्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची सभा घेतली, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. त्यात आठवड्याची सुटी होती, दुपारची विश्रांती होती, आणि आणखी एक मागणी होती : कामात जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यात धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायचं कलम होतं, पण तो कायदा शंभर माणसांच्या वरच्या कारखान्यालाच. भरपाईचा कायदा आला १९२३ ला. त्याच्या परिशिष्टात अवयवांचे दर होते. अंगठा गेला तर कमाईची ताकद तीस टक्के गेली असं धरायचं, एक डोळा गेला तर चाळीस टक्के. वाचताना अंगावर काटा येतो, पण निदान हिशेब तरी होता.

१९४८ च्या कारखाना कायद्यात बावीसाव्या कलमात चालू यंत्राजवळ जाणाऱ्यानं अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत असं म्हटलं होतं. सव्वीसाव्यात फिरत्या दांड्यावर स्क्रूचं डोकं बाहेर डोकावता कामा नये असं होतं, कारण त्यात कपडा अडकतो. पस्तिसाव्यात डोळ्यांसाठी आडोसा किंवा गॉगल. प्रत्येक ओळीमागे कुणाचा तरी हात किंवा डोळा आहे. शेतकऱ्यांच्या वाट्याला असा कायदा उशिरा आला. मळणी यंत्रात हात जायला लागले तेव्हा १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. पण आपल्या शेडमधल्या ड्रिलला यातलं काहीच लागू नाही. इन्स्पेक्टर येत नाही, भरपाई नाही, अंगठ्याचे तीस टक्के कुणी मोजत नाही. ऐन पेरणीत तो अंगठा नसतो, एवढंच.

मशीन घरात कसं शिरलं? मेलबर्नला आर्नोट आणि ब्रेन यांनी १८८९ मध्ये विजेच्या ड्रिलचं पेटंट घेतलं. जर्मनीत फाइन कंपनीनं १८९५ ला हातात धरायचं ड्रिल केलं. १९१७ मध्ये बाल्टिमोरच्या ब्लॅक आणि डेकर यांना पिस्तुलाच्या मुठीच्या आणि घोड्याच्या ड्रिलचं पेटंट मिळालं. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यातले कामगार ही ड्रिलं घरी न्यायला लागले, हे कंपनीच्या ध्यानात आलं, आणि १९४६ ला तिनं खास घरगुती ड्रिल बाजारात आणलं. गंमत बघा, मशीन कारखान्यातून घरी आलं, पण कारखान्यातले नियम गेटवरच राहिले. व्हाइस नाही, गॉगल नाही, समोर उभा राहून "अरे बाही वर कर" म्हणणारा फोरमन नाही.

घोडा सोडला की थांबतं, हे चांगलंच. पण घोड्याशेजारी लॉकचं बटण असतं. ते हात-ड्रिलवर दाबूनच ठेवायची सवय फार वाईट. बिट अडकल्यावर मशीनच फिरायला लागतं, मनगट पिळवटतं, आणि हात सुटला तरी मोटर चालूच. नव्या बॅटरी-ड्रिलमध्ये कडकड आवाज करून सुटणारा क्लच असतो. तो म्हणजे आपल्या सामत्याची घसरणारी दोरीच परत आली. तिला उपयोगात आणा, ड्रिलच्या खुणेवर लॉक करून तिला मारू नका.

हातमोज्यांचं लोकांना पटत नाही. वेल्डिंगला मोजे पाहिजेत, ग्राइंडरवरचा गरम तुकडा उचलायला पाहिजेत, पण फिरत्या ड्रिलजवळ मोजे नकोत. सुताचा धागा किसाच्या वेटोळ्यात अडकला की मोज्यासकट बोट ओढलं जातं. तसंच खांद्यावरचा गमछा, मनगटाचा गंडा-दोरा, कडं, बायामाणसांचा पदर आणि वेणी. कीस हातानं ओढायचा नाही, मशीन बंद करून ब्रशनं झाडायचा. फुंकरही मारायची नाही, तो डोळ्यातच येतो.

तेलाबद्दल थोडं. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल बिटावर ओतायची सवय सगळीकडे आहे. लँकेशायरच्या सूतगिरण्यांत यंत्राच्या तेलानं मांड्या भिजायच्या आणि तिथल्या कामगारांना कातडीचा कॅन्सर व्हायचा. पहिली नोंद १८८७ ची, आणि तिथला नियम व्हायला १९५३ उजाडलं. इंजिनातलं जळकं ऑइल तर त्याहून घाण. पाण्यात मिसळायचं कटिंग ऑइल दुधासारखं पांढरं असतं, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. बिड असेल तर तेलाची गरजच नाही, कोरडंच कापतं. आणि फवारणीच्या औषधाचा, डिझेलचा, पेट्रोलचा बंद डबा किंवा बॅरल असेल, तर रिकामा दिसला तरी त्याला ड्रिल लावायचं नाही. आतली वाफ ठिणगीची वाटच बघत असते.

आता तो वेगाचा हिशेब. साध्या लोखंडाला एचएसएस बिटाची कड मिनिटाला साधारण पंचवीस मीटर पळावी. मोठं बिट एका फेऱ्यात जास्त अंतर पळतं, म्हणून त्याला फेरे कमी. सहा एमएमला मिनिटाला १३०० च्या आसपास, दहा एमएमला ८००, बारा एमएमला साडेसहाशे. स्टेनलेसला याच्या निम्मे. साधं हात-ड्रिल फुल दाबलं की बहुतेक वेळा याच्या कितीतरी वर असतं, म्हणून मोठं भोक त्याच्यावर जळतं. पिलर ड्रिल असेल तर प्लग काढून झाकण उघडा आणि पट्टा मोटरच्या लहान पुलीवर व स्पिंडलच्या मोठ्या पुलीवर घ्या, तो सगळ्यात कमी वेग. दहाच्या वरच्या भोकाला आधी पंच मारा, मग चार-पाच एमएमचं वाटाड्या भोक, मग मोठं बिट. धार बरोबर असेल तर दोन्ही कडांनी सारखा, लांब वेटोळ्यांचा कीस निघतो. एकाच बाजूनं निघाला तर धार वाकडी लागलीय, भोक मोठं होणार. दर थोड्या वेळानं बिट वर घेऊन कीस तुटू द्या, नाहीतर वेटोळं हातभर लांब होऊन फिरायला लागतं.